मुलीकडचं अक्षर

आमच्या मामांनी हट्टाशिवाय आयुष्यात एकही काम केलेलं नाही आणि हट्टानं हाती घेतलेलं एकही काम अर्धवट सोडलेलं नाही. पिशोरला त्यांची शेती आहे, पण त्यांचं खरं पीक म्हणजे हट्ट, आणि ते बारमाही. एकदा एसटीच्या कंडक्टरनं त्यांच्या मांडीवरच्या कोंबड्याचं तिकीट मागितलं, तर मामा तिथंच उतरले आणि कोंबडा काखोटीला मारून कन्नडपर्यंत चालत गेले. "पैशाचं नाय, भाचेबुवा. त्यानं कोंबड्याला लगेज म्हटलं." लग्नकार्यात तर विचारूच नका. नवरदेवाचा मामा म्हणजे मानकरी. टोपी-टॉवेल हलका निघाला किंवा पंगतीत ताट उशिरा आलं, की स्वारी मांडवाबाहेर जाऊन पाठ फिरवून बसायची. मग थोरामोठ्यांनी विनवण्या करायच्या. मामा रुसल्याशिवाय लग्न लागल्यासारखं आम्हाला वाटतच नसे.

असे मामा चिनी अक्षर शिकले, ते माझ्या धाकट्या भावामुळं. तो नोकरीसाठी तैवानला गेला आणि तिथल्या मेईशी लग्न ठरवून बसला. लग्न मात्र इथं, संभाजीनगरला, आमच्या सिडकोतल्या घरापुढं मांडव घालून. दाराशेजारच्या भिंतीवर गणपती आणि नवरा-नवरीची नावं रंगवणं हे आमच्याकडं मामांचंच काम. मेई व्हिडिओ कॉलवर सहज म्हणाली, आमच्यात लग्नाला दारावर एक अक्षर लावतात. भाऊ म्हणाला, "छापील मिळतं. येताना आणतो." मामा उसळले. "छापील? आन् मी काय मेलो का? मीच काढणार!"

शिकवणी सुरू झाली. तिकडून मेई, इकडून पाटी घेतलेले मामा आणि मध्ये दुभाषी म्हणून भाऊ. पहिल्याच दिवशी मामांनी अक्षर हुबेहूब उतरवलं आणि वर मराठीसारखी आडवी रेघ ठोकून दिली. मेई नको म्हणाली. "लग्नाच्या दिवशी बोडकं अक्षर?" मामांना पटता पटेना. मग अक्षरातल्या चौकटींवरून जुंपली. मामा चौकट एका दमात काढत. मेई म्हणे, तीन रेघांत, आणि ठरल्या क्रमानं. "आखीर दिसणार चौकटच ना?" असं म्हणून मामांनी बरेच दिवस लढा दिला, पण शेवटी ते आपल्या पद्धतीनं बसवून घेतलं. "आधी डावी भिंत. मंग छत आन् उजवी भिंत एका फटक्यात. उंबरा शेवटी." त्यानंतर ते अक्षर मळलेल्या कणकेवर उमटलं, ट्रॅक्टरवरच्या धुळीत उमटलं, गेरूनं म्हशीच्या पाठीवर उमटलं. मामी म्हणाल्या, "त्या मुक्या जनावराला तरी सोडा." गावात कुणाच्या तरी बोअरला पाणी लागलं, तेव्हा मामांनी आनंदानं मोटारीच्या खोलीवरही काढून दिलं. फोटो पाहून मेई पोट धरून हसली. हे फक्त लग्नातच वापरतात म्हणे. दुसऱ्या दिवशी मामा चुना घेऊन गेले आणि खोली पांढरी करून आले.

"फकस्त लग्नातच का?" त्यांनी विचारलं. मेईनं सांगितलं, यात आनंद हे अक्षर दोनदा आहे, शेजारी शेजारी. एक मुलाच्या घरचा आनंद, एक मुलीच्या घरचा.

"तुझ्याकडचं कोण येतंय, पोरी?"

कोणीच येणार नव्हतं. वडील अंथरुणाला खिळलेले, आई त्यांच्यापाशी, भावंड नाही. दोघं फोनवर बघणार होते. मामांनी पाटी खाली ठेवली. "मंग अर्धं अक्षर खोटं हाय. खोटं मी लिहिणार नाय."

लग्न तोंडावर आलं तरी भिंतीवर नुसता गणपती आणि नावं. मेई आली, बाजूच्या कोऱ्या जागेकडं तिनं पाहिलं आणि बॅग उचलून आत गेली. मला मामांचा खरोखर संताप आला.

लग्नाच्या सकाळी मामा-मामी दारात उभे. मामांच्या डोक्याला फेटा, हातात ब्रश. आई म्हणाली, "आत ये की रे."

"आक्का, आम्ही मुलीकडचे."

"अरे, भाचा तुझा! त्याच्या पाठीमागं कोण उभं राहणार?"

"त्याच्या मागं आख्खं पिशोर हाय. पोरीच्या मागं कोण हाय?"

आणि ते भिंतीकडं वळले. भिंत, छत, उंबरा, सगळं क्रमानं, आणि डोक्यावर रेघ न देता. मेईनं फोन भिंतीसमोर धरला होता. तिकडं उशीवर टेकलेले तिचे वडील बघत होते. तिचा हात अवघडला, तसा मामींनी खालून आधार दिला.

मंगलाष्टकांना मामा मेईच्या मागं उभे राहिले. मान मागितला नाही, रुसले नाहीत, पंगतीत कंबर बांधून वाढत होते. आम्हालाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पण मुलीकडचे झाले ते झालेच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी जेवायचं नाही, ही जुनी रीत मामांनी उचलली. नवरा-नवरी तैवानला परत गेली तरी मामांचं एकच, "घर तर पोरीचंच हाय ना?" पूर्वी शहरात आले की आईच्या हातचं पोटभर जेवून ताणून देणारे मामा आता बाहेर ओट्यावर बसतात आणि फडक्यातली भाकरी सोडून खातात. आई भरलेलं ताट घेऊन दारापर्यंत येते, थोडी थांबते आणि आत वळते. नातवंडाचा विषय ती हल्ली सारखा काढते. शेजारणींना वाटतं, हिला आजी व्हायची घाई झालीय. आईला तिचा भाऊ जेवायला घरात हवा आहे.