तीन फुटी वाट

आमचे हे, म्हणजे नाथा, अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. रिटायर झाल्यावर माणसं घरात पेपर वाचत बसतात. हे मात्र दर रविवारी कुदळ, फावडं, पहार सायकलला बांधून कात्रपच्या आमच्या घरून निघायचे ते थेट डोंगरात. तिथे सायकलवाल्यांची चाळीस किलोमीटरची जंगलवाट आहे, ती नीट राखायची. तीही फुकट! "यातनं मिळतं काय तुम्हाला?" असं विचारलं की म्हणायचे, "उतारावर तिरका पाट खणला की पाणी बाजूला जातं, वाट टिकते." विचारलं काय, सांगतात काय! पण आमची नात पायल त्याच वाटेवर सायकलच्या शर्यतींसाठी तयार झाली, म्हणून मी गप्प बसायचे.

मग आला तो अल्पेश. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं रिसॉर्ट. जाड टायरच्या चारचाकी बाइक भाड्यानं द्यायचा आणि गिऱ्हाइकं खुशाल वाटेवर सोडायचा. यांचे सगळे पाट चाकांखाली सपाट झाले. पावसाचं पाणी वाटेवरूनच धावलं आणि गुडघाभर चर पडला. त्या चरात पायल सायकलसकट आदळली, खांद्याचं हाड मोडलं. आणि हा मेला वनरक्षकाला सांगतो काय, तर म्हाताऱ्यानं चुकीचं खणलं म्हणून पोरगी पडली! वनरक्षक नवा. त्यानं लेखी दिलं, नाथांनी हत्यार घेऊन वाटेवर दिसायचं नाही.

यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. रविवार आला की नुसते गॅलरीत उभे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "रडता काय? घाला त्याचे दात त्याच्याच घशात!"

कारखान्यात फिटरकडे एक माप असायचं. त्यातून गेला तो माल पास, अडकला तो बाद. यांनी बांबूची तीन फुटी काठी कापली. एवढ्यातून सायकलचं हँडल सुखानं जातं, अल्पेशची गाडी जात नाही. काठी दिली जनूबाईला. वाटेच्या तोंडाशी दोन बांधांमधली जागा तिच्या नावावरची, आणि तिची भाताची रोपंही त्याच चाकांनी चिरडलेली. "आण इकडं, नाथाभाऊ," ती म्हणाली. तिनं दिरांना घेऊन कमरेएवढे दोन धोंडे पुरले. हात त्यांचे, माप यांचं.

पुढच्या रविवारी अल्पेश गिऱ्हाइकं घेऊन आला. धोंडे बघून हसला. "अरे, ये तो ऐसे निकलेगा!" म्हणत त्यानं स्वतःच गाडी घातली. अशी फसली की ना पुढे, ना मागे! लोक मोबाइलवर शूटिंग करायला लागले. तेवढ्यात वनरक्षकही पोचला. पहारीशिवाय गाडी सुटेना. गावात पहारी होत्या की, पण त्या दिवशी कुणालाच आपली सापडेना.

शेवटी अल्पेशचा यांना फोन आला. मी उचलला. "हत्यार घेऊन दिसायचं नाही ना? लेखी आहे," म्हटलं आणि ठेवला. तीनदा ठेवला. मजा आली, खोटं कशाला बोलू?

चौथ्यांदा वनरक्षक बोलले, "ताई, पाठवा हो काकांना."

"आधी त्याला विचारा, पाट कोणी मोडले. फोन स्पीकरवर टाका."

फोन स्पीकरवर गेला. मग अल्पेशचा आवाज आला, "माझ्या गाड्यांनी."

"ऐकू नाही आलं."

"माझ्या गाड्यांनी मोडले! काकांची चूक नव्हती!"

हे गेले, दोन हिसक्यांत गाडी सोडवली, वर त्या मेल्याला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. मी असते तर गाडी तिथेच गंजू दिली असती. वनरक्षकांनी बंदी उठवली आणि अल्पेशला दर रविवारी यांच्या हाताखाली पाट खणायला लावलं. हे त्याला कुदळ धरायला शिकवतात, "बाळा" म्हणतात!

पायलचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. वेणी मी घालून देते. मग वाटेवर खपणाऱ्या सगळ्यांसाठी पोहे बांधते. हे पुड्या मोजून म्हणतात, "अगं, एक कमी आहे."

मी म्हणते, "नाही. बरोबर आहेत."