मी कधीच न उचललेला स्टोव्ह

ट्रेकवाल्या मंडळींनो, आज ट्रेकसाठी हलका स्टोव्ह बघायला गेले होते.

आमच्या ग्रुपचा चहा बारा वर्षं सुहासच्या पितळी स्टोव्हवर झाला. सुहास माझा नवरा. या उन्हाळ्यात तो गेला.

दुकानदारांनी तळहातावर मावणारा गॅसचा स्टोव्ह दाखवला. म्हणाले, "आधीचा किती वजनाचा होता?"

"माहीत नाही. मी कधी उचललाच नाही."

घरी येऊन सुहासचा स्टोव्ह, रॉकेलचा डबा आणि पातेलं सॅकमध्ये भरलं आणि पर्वती चढायला लागले. निम्म्या पायऱ्यांवरच बसावं लागलं.

प्रत्येक गडावर मी वरून ओरडायचे, "किती रे हळू चालतोस." तो म्हणायचा, "तू हो पुढे."

तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात मागे कोण असतं? त्याची सॅक कधी उचलून बघितलीत?