मिस्त्रीने घेतलेली महागडी वायर

स्पीकर दुरुस्त करण्यात मिस्त्रीची उभी हयात गेली. कुणी नावाजलेल्या कंपनीची वायर दाखवली, की तो हसायचा. "अहो, घरातल्या घरात साधी तांब्याची वायर भरपूर झाली. टोकं घासून घट्ट बसवा. बाकीचा पैसा त्या चकचकीत डब्याचा!"

आणि आज तोच मिस्त्री तसला डबा घेऊन घरी आला.

"हे काय, तुम्हीसुद्धा?" बायकोने चेष्टा केली खरी, पण तिला मागचं वर्ष आठवलं. वर्षभर तो घरच्या स्पीकरला नावं ठेवत होता. आवाज बसलाय, शब्द चिरडून येतात, म्हणायचा. सून दारातून हाका मारायची, तरी मान वर करायचा नाही.

त्याने नवी वायर जोडली, बातम्या लावल्या आणि स्पीकरला कान लावून बराच वेळ बसून राहिला.

"पडला का गं फरक?"

त्याच्या हातच्या प्रत्येक दुरुस्तीची पहिली पारख तिचीच असायची, आणि तिने कधी तोंडदेखलं सांगितलं नव्हतं. ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि सावकाश, मोठ्याने म्हणाली, "नाही हो. आवाज आधीही स्वच्छच होता."

त्याने तिच्या ओठांकडे बघत ते समजून घेतलं. मग त्याने वायर सोडवली, नीट गुंडाळून डब्यात घातली आणि डबा तिच्या हातात दिला.

"दुकानात तूच जाऊन परत कर," तो म्हणाला. "दुकानदार काही विचारेल, आणि मला ऐकू यायचं नाही."