मॅडमचा लेख आणि माझ्या गाईचं दूध

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. नांदेडच्या कॉलेजातल्या एक मॅडम देवणी गाईंवर लेख लिहून राहिल्या होत्या. दर आठवड्याला गोठ्यात यायच्या, उपड्या घमेल्यावर बसायच्या आणि मी सांगेन तो दुधाचा आकडा लिहून घ्यायच्या. पेन्सिल कायम केसांत खोचलेली. "बरं मामा, पुन्हा एकदा सांगा," हे ठरलेलं.

मासिकाला धाडायच्या आदल्या दिवशी त्यांनी अख्खा लेख मला मराठीत वाचून दाखवला. "इंग्रजी तपासणारे खूप आहेत. गाईचं तुम्हीच तपासा."

चौथी शिकलेल्या माणसाला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. वाचता वाचता माझ्या गाईच्या दुधाचा आकडा आला तसं मला ऐकवेना. लेखातल्याच शेजाऱ्याच्या गाईपुढं माझी कमी दिसू नये म्हणून मी दर वेळी दोन लिटर वाढवून सांगितलं होतं.

"मॅडम, ते खोटं हाय."

त्या रागावल्या न्हाईत. केसांतली पेन्सिल काढून त्यांनी माझ्या गाईच्या सगळ्या ओळी खोडल्या. "आता लेख थांबवावा लागेल, मामा. उद्यापासून मापून लिहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजाऱ्याकडून लिटरचं माप मागून आणलं, आणि त्यालाच समोर उभं करून धार काढली.