माझ्या भयकथेतली तहान

माझ्या कपाटात भयकथांचा एक संग्रह आहे. पुठ्ठा पिवळा, कोपरे वाळवीने खाल्लेले. त्यात नऊ लेखक आणि मी एकटी लेखिका. माझी कथा पाचवी. तिची पानं उघडून कित्येक वर्षं झाली, तरी तिच्यातलं वाक्य न वाक्य मला पाठ आहे आणि एकही आवडत नाही.

स्वातंत्र्याला नऊ-दहा वर्षं झाली असतील. मी तेव्हा धरणगावला मुलींच्या शाळेत शिकवत होते. तापट म्हणून माझी ख्याती होती आणि ती खरी होती. रिकाम्या वेळात गोष्टी लिहायचे. दोन-तीन छापून आल्या होत्या. धुळ्याला, देवपुरात, एक वकील राहत. त्यांचं वकिलीत कमी आणि वाङ्मयात जास्त लक्ष. त्यांनी नव्या भयकथांचा संग्रह काढायचा घाट घातला आणि मला पत्र पाठवलं. उलट्या पायांची भुतं नकोत, पडके किल्ले नकोत, आजच्या माणसांची भीती हवी, असं त्यात होतं. शेवटी एक ओळ होती: ‘बाई, ज्या भुताला पत्ता असतो, त्याचीच खरी भीती वाटते.’

ही ओळ मला फार आवडली. पत्ता शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

मी राहत होते त्या खोलीसमोर अक्काचं घर. अक्का विधवा होती, जिनात कापूस निवडायला जायची. तिला एकच लेक. ती माझ्या वर्गात होती. डावखुरी पोर. डाव्या हाताने लिहिते म्हणून मी तिला सुरुवातीला पट्टीही मारली होती. मग नाद सोडला, कारण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. शाळेच्या रांजणापाशी पेला असला तरी ती ओंजळीनेच पाणी प्यायची. कोपरापर्यंत ओली होऊन वर्गात यायची आणि माझी बोलणी खायची.

सातवी झाल्यावर तिचं लग्न रावेरकडे झालं, केळीच्या बागा असलेल्या घरात. तिसऱ्या वर्षी बाळंतपणात ती गेली. मुलगी जगली. सासरची माणसं चांगली होती. लेक आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, तशी ती माणसं आईच्या जागी त्या लहानग्या मुलीला दर आखाजीला अक्काकडे आणून सोडत. महिनाभर अक्काचं घर भरलेलं असायचं. जिनातून रजा घेऊन ती नातीला दारातल्या निंबाच्या झोक्यावर बसवायची. उरलेले अकरा महिने ती त्या एका महिन्यावर काढायची, हे मी समोरून रोज पाहत होते.

तरी मी ती कथा लिहिली. बाळंतपणात गेलेली एक तरुण बाई भर दुपारी केळीच्या बागेत पाटाशी उभी असते. तिला तहान लागलेली असते. ती ओंजळ धरते, डावा हात वर, उजवा खाली. वाटसरू पाणी ओततो आणि पाणी ओंजळीत ठरत नाही. कितीही ओता, खाली जातं. ती तशीच बघत राहते. एवढीच गोष्ट. सासरच्या गावाचं नाव घातलं नाही, पण धरणगावची माहेरवाशीण आणि रावेरकडची बाग, हे मी लिहिलं होतं. भुताला पत्ता दिला होता. वकिलांचं उत्तर आलं, ‘संग्रहातली सर्वांत उत्तम.’ ते पत्र मी आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले.

माघात पुस्तक आलं. एक प्रत मी शाळेच्या कपाटात ठेवली. आपल्या बाईंची गोष्ट म्हणून मुलींनी ती घरोघर नेली. गल्लीतल्या एका मुलीने एका दुपारी ओट्यावर बसून ती मोठ्याने वाचली. ऐकायला चार बायका होत्या. त्यांत अक्का होती.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. मी मनात शब्द जुळवायला लागले. शिव्या देईल, रडेल, शाळेत तक्रार करेल, असं काहीतरी मला वाटलं होतं. ती उंबऱ्यापाशी बसली आणि हळूच म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही तिले कोठे देखी?’’

मला कळेना. मग कळलं. तिची लेक मला खरंच कुठेतरी दिसली, असं ती धरून चालली होती.

अक्काला वाचता येत नव्हतं. छापलेलं म्हणून तिने आयुष्यात जे ऐकलं होतं, ते म्हणजे पंचांग, चातुर्मासातली पोथी आणि दवंडीआधी चावडीवर लागणारा सरकारी कागद. यांतलं काहीच कुणी मनाने रचत नाही. मनाने रचलेलं लोक जात्यावर गातात, झोक्यावर गातात. ते छापत नाहीत. त्यात सांगणारी शाळेची बाई. मी म्हटलं, ‘‘अक्का, ती गोष्ट आहे.’’ ती म्हणाली, ‘‘हां, तीच गोट. पुस्तकमा छापेल शे.’’

त्याच वेळी मला सरळ सांगता आलं असतं, की हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे, तुझ्या मेलेल्या लेकीला मी माझ्या नावासाठी उन्हात उभं केलं. मी ते सांगितलं नाही. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर तिच्या डोळ्यांत जो विश्वास होता, तसा माझ्या लिहिण्यावर आजवर कुणी ठेवला नव्हता, तोही मला सोडवेना. मी म्हटलं, ‘‘मी पाहिली नाही. ऐकलंय.’’

‘‘तिले तहान लागेल शे ना?’’

मी होकाराची मान हलवली. एवढंच केलं मी.

ती मग म्हणाली, ‘‘म्हंजे त्यासनी घागर भरी नही.’’

आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरून पुजतात. वर खरबूज ठेवतात, सांजोरीचा नैवेद्य दाखवतात. ज्याची घागर भरली त्याला पाणी पोचलं, असं लोक मानतात. लग्न झालेल्या मुलीची घागर मात्र सासरी भरायची. माहेरच्यांचा तो हक्क नाही. मी स्वतः दर वर्षी वडिलांची घागर भरत होते, आणि कथेत तहान घालताना हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला फक्त ओंजळीतून गळणारं पाणी दिसत होतं.

चैत्रात अक्का रजा घेऊन रावेरकडे गेली. भावकी जमलेली होती. सगळ्यांसमोर तिने विहिणीला जाब विचारला, मनी पोरनी घागर काब्रं भरी नही, माझ्या पोरीची घागर का भरली नाही? आपल्या घरच्या मेलेल्या माणसाला आपण तहानेलं ठेवलं, हा आरोप चारचौघांत कोण ऐकून घेईल? बोलाचाली झाली. व्याह्यांनी सांगितलं, पुन्हा या दारात येऊ नका आणि नातीची वाटही पाहू नका.

अक्का परत आली. तिने मला काही सांगितलं नाही. गल्लीने सांगितलं. आखाजी तोंडावर आली तरी निंबाला झोका बांधला गेला नाही. तेव्हा मी न राहवून गेले. अक्का दारात बसून पितळेचा तांब्या चिंचेने घासत होती. तो चकचकीत झाला होता, तरी ती घासतच होती.

‘‘आखाजीले बठ्ठा गावना पितर पानी पेतस अन मनी पोर तशीच उभी शे,’’ ती म्हणाली. ‘‘मी जासू त्या बागमा. मीच पाजसू तिले पानी.’’

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी शाळेत आजारी असल्याची चिठ्ठी पाठवली, पुस्तक पिशवीत घातलं आणि गाडीत बसले. भुसावळला गाडी बदलून रावेर, तिथून बैलगाडीने पुढे. ती केळीची बाग मी पहिल्यांदाच पाहिली. माझ्या कथेत भर दुपारी पाट खळखळ वाहत होता. इथला पाट कोरडा होता. त्या दिवशी त्या बागेची पाण्याची पाळी नव्हती. एवढंही मी कुणाला विचारलं नव्हतं.

विहिणीने मला घरात घेतलं. मी सगळं सांगितलं, वकिलांच्या पत्रापासून ‘ऐकलंय’ या शब्दापर्यंत. ती सुपात डाळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

‘‘पहिल्या आखाजीले म्या सोता घागर भरली व्हती, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘दर साली भरते. तुमच्या पुस्तकातली बाई तहानेली असन. आमच्या घरातली नाही.’’

मी पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले. पोर अंगणात खेळत होती, तिच्याकडे बघत म्हणाली, ‘‘हिला धाडते. हिचा काय गुन्हा. पण खरं काय ते हिच्या आजीले तुम्ही सांगा. आम्ही सांगून ती ऐकायची नाही.’’

आखाजीला तीन दिवस होते. मी स्टेशनवरून घरी न जाता तशीच अक्काकडे गेले. दुपार होती. घासलेला तांब्या लेकीसाठी भरून, झाकण ठेवून, कोनाड्यात ठेवला होता. मी आधी नात येणार ते सांगितलं. तिने दोन्ही हात जोडले. मग मी खाली बसले आणि बाकीचं सांगितलं. म्हटलं, अक्का, ते मी रचलं. मी काही पाहिलं नाही, कुणाकडून ऐकलंही नाही. तिची ओंजळ मला शाळेपासून माहीत होती, ती मी घेतली. बाकी सगळं खोटं आहे. घागर दर वर्षी भरली जाते.

ती चिडेल म्हणून मी थांबले. ती चिडली नाही.

‘‘म्हंजे तिले तहान नही?’’

‘‘नाही, अक्का.’’

तिचा चेहरा सैल झाला. इतक्या महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. मलाही हायसं वाटलं. चूक सुधारली, असंच मला वाटलं. ती कोनाड्याकडे बघत होती. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, ‘‘मंग ती तठे बी नही?’’

तठे म्हणजे त्या बागेत.

‘‘ती कोठेच नही का, बाई?’’

एकदा सहज खोटं बोलले होते. त्या वेळी आणखी एक बोलले असते तर कदाचित बरं झालं असतं, असं मला आजही कधीकधी वाटतं. पण मी ‘नाही’ म्हटलं.

ती रडली नाही. मग मी गाडीतून आलेय, जेवले नसेन, म्हणून तिने मला भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. घशाखाली घास उतरत नव्हता ते तिने पाहिलं. उठून तिने कोनाड्यातला तो तांब्या काढला, झाकण बाजूला ठेवलं आणि माझ्यापुढे केला.

मी ते पाणी प्याले.