घडाची पिशवी आणि डिझेलचा दाब

सदर इसम नामे शहेबाज, राहणार नांदेड, हे डिझेल गाड्यांच्या इंधनदाबाचे निदान करीत असून त्यासाठीच्या सर्व आधुनिक उपकरणांनी सुसज्ज आहेत, असं त्यांच्या गॅरेजची पाटी सांगते.

अर्धापूरचा मन्मथ केळी घेऊन लातूरला निघाला होता, पण पिकअप रस्ताभर दम टाकत होती, म्हणून त्यानं ती नांदेडला शहेबाजभाईंच्या गॅरेजात आणली.

"भाई, पंप गेला. बदलून टाका, न्हाईतर माल गाडीतच पिकंल."

शहेबाजभाईंनी स्कॅनर लावून एक चक्कर मारली. दाब आधी चोख होता, मग उतरतच गेला.

"मधी थांबून चहा घेतला की नीट चालती," मन्मथ म्हणाला.

"मेलेला पंप चहानं उठत न्हाई, मालक!"

भाई खाली उतरून थेट डिझेलच्या टाकीकडे गेले. झाकण हरवलेलं, त्याजागी केळीच्या घडावर चढवतात ती निळी पिशवी सुतळीनं आवळलेली, आत ओढली जाऊन वाटीसारखी झालेली.

"टाकीला घड लागलाय का?"

"धूळ जाऊ नये म्हणून बांधली, भाई."

"हवा बी जाऊन न्हाई राहिली. टाकीत हवा शिरल्याबिगर डिझेल बाहेर येईल कसं? चहाला थांबलात की हळूहळू शिरायची, म्हणून गाडी चालायची."

पिशवी सुटताच टाकीनं सूं करून श्वास आत ओढला. दाब पुन्हा उतरला नाही, केळी हिरवीच लातूरला पोचली.

सुतळीची गाठ मात्र, सर्व आधुनिक उपकरणं असूनही, भाईंनी दातांनी सोडली होती.