पूजेवरचा क्लॅम्प

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमधल्या मशिनी बंद असतात. हायवेवरच्या वरवे गावाजवळची आमची पत्र्याची शेड त्या दिवशी लग्नघरासारखी दिसते. मशिनींना झेंडूच्या माळा, दाराला आंब्याचे डहाळे आणि टेबलावर लाल कापड घालून मांडलेली सगळी हत्यारं. हळद-कुंकू वाहिलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातलं काही जागचं हलवायचं नाही. हा नियम सांभाळायचे मशिनवरचे मामा. तसे ते नात्याने कुणाचेच मामा नव्हते, पण मालकसुद्धा त्यांना मामाच म्हणत आणि थोडे दबूनही असत.

मी तिथे प्रोग्रॅम करायचे. मशिनने कुठून, किती खोल कापायचं ते कॉम्प्युटरवर ठरवायचं आणि खरं लोखंड कापण्याआधी पडद्यावर लुटुपुटूचं कापून बघायचं. त्यासाठी सॉफ्टवेअरला आधी सगळं सांगावं लागतं: कच्चा तुकडा कसा आहे, त्यातून काय काढायचंय आणि तो कशाने धरलाय. सांगाल तेवढंच त्याला दिसतं. तुकडा आवळून धरणारा क्लॅम्प सांगायचा राहिला, तर पडद्यावरचा कटर त्याच्या आरपार भुतासारखा जातो आणि सॉफ्टवेअर आपलं खुशाल हिरवंगार, म्हणजे सगळं ठीक. खऱ्या मशिनवर मात्र तोच कटर क्लॅम्पवर आपटतो, आणि मग कटरही जातो, तुकडाही जातो.

त्या खंडेनवमीला आण्णा, म्हणजे माझे वडील, घरून, कामथडीहून आले होते. प्रसाद हे निमित्त. खरं म्हणजे ते मला तिथून सोडवून न्यायला आले होते. भोरच्या एका शाळेच्या ऑफिसात मावशीने माझ्यासाठी शब्द टाकला होता. बसून काम, उन्हातान्हात हायवेला स्कूटी घालायला नको. "हितं येऊन दिसभर चितरंच बघती न्हवं," असं त्यांचं माझ्या कामाबद्दल मत होतं. मला ते काम सोडायचं नव्हतं. पण घरी हे सांगायला गेले की माझा आवाज चढायचा, आई आवाजावरून बोलायची आणि मुद्दा तिथेच राहायचा. शेवटी ठरलं ते असं, की पूजा झाली की आण्णा मालकांशी बोलतील.

आणि नेमकं दसऱ्याच्या मुहूर्तावर एक काम मशिनवर चढणार होतं. गिऱ्हाइकाने जुन्या पंपाचं कच्चं ओतीव घर, म्हणजे बाहेरचं कवच, पाठवलं होतं. एकच, बिघडलं तर दुसरं मिळणार नव्हतं. मालकांनी पहिल्यांदाच पूर्ण काम माझ्या एकटीवर सोपवलं होतं. ते धरायला मामांनी खास क्लॅम्प घडवले होते, अंदाजाने, कागदावर एक रेघ न मारता. त्यांची मापं घ्यायला म्हणून मी सकाळी लवकर आले, तर क्लॅम्प लाल कापडावर, कुंकू लावून, प्रत्येकावर एकेक फूल.

"मामा, माप घेते आणि लगेच ठेवते."

"पूजेवरचं हत्यार उचलत नसत्यात."

"आणि उद्या कटर आपटला तर?"

"आपटू नये म्हणूनच पूजा केली."

मी डोक्याला हात लावला. मापायचं व्हर्नियरही त्याच कापडावर होतं. वर मामा म्हणाले, "आन त्यो कॉम्प्युटर तरी कशाला चालू केला? त्यालाबी माळ घातलीया." माझा पारा चढला. लोखंड कापलं जाणार नाही, नुसतं चित्र कापायचंय, असं मी म्हणाले आणि बोलता बोलताच लक्षात आलं की हे आण्णांपुढे बोलायला नको होतं. ते खुर्चीवर पेढा खात सगळं ऐकत होते. मालक मध्ये पडायला तयार नव्हते.

आण्णांनी पेढा संपवला, हात पुसले.

"मामा, पोळ्याला तुमी बैल जुंपता का?"

"न्हाई."

"पर वैरण घालता?"

"म्हंजे काय. घालावीच लागती."

"मग ती वैरण घालतीया. जुंपत न्हाई."

मामांनी निकाल दिला: क्लॅम्प हलवायचा नाही, फूलही नाही; आहे तिथेच मापायचा. ऑफिसातली प्लास्टिकची पट्टी हत्यारात मोडत नाही. पट्टीचं माप मला पुरणार होतं, कारण क्लॅम्पच्या भोवती थोडी जागा सोडायचीच असते.

आण्णा चपला काढून टेबलाशी वाकले आणि पट्टीवरचे आकडे मला ओरडून सांगू लागले. लांबी, रुंदी, उंची. मी एकेक क्लॅम्प पडद्यावर उभा केला. मग ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि मी सिम्युलेशन, म्हणजे ते लुटुपुटूचं कापणं, चालू केलं. पडद्यावरचं लोखंड सुटत गेलं, पंपाचं घर उमटू लागलं, आणि कोपऱ्यात कटर वळताना सगळं लाल होऊन थांबलं.

"मोडलं का?" आण्णांनी घाबऱ्या आवाजात विचारलं.

"हो. कटर क्लॅम्पवर गेला."

"आता गं?"

"आता त्याला तिथे वरून उचलून नेते. इथे मोडलेलं काही मोडत नाही, आण्णा. म्हणून तर इथे मोडायचं."

वाट बदलली, पुन्हा चालवलं. ह्या खेपेला कटर क्लॅम्पवरून अलगद गेला. आण्णा चपला घालायला वळले. मला वाटलं, चित्रंच बघितली त्यांनी.

संध्याकाळी आण्णा स्कूटीवर माझ्यामागे बसल्यावर मीच विचारलं, मालकांशी बोललात का. म्हणाले, "बोललो." पुढे विचारायचा मला धीर झाला नाही. घर येईपर्यंत मी मनातल्या मनात भोरच्या शाळेतल्या ऑफिसात बसूनसुद्धा आले.

दसऱ्याला पूजा उतरली, पंपाचं घर मशिनवर चढलं. मी बटणापाशी गेले तर दारात आण्णा, फेटा बांधून. मालक हसत म्हणाले, "काल एवढंच सांगून गेलेत, कापताना मला बोलवा म्हणून."

कटर फिरू लागला. कोपरा जवळ आला तसा मामांचा हात मशीन थांबवायच्या लाल बटणावर गेला.

आण्णा पुढे झाले आणि म्हणाले, "हात काढा, मामा. तिनं कालच बघितलंय ह्ये."